पाजणीचा रविवार

सक्करदरा, नागपूर
८ एप्रिल १९७३

ती. वच्छलाताईस,

तुला आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. पुढे 'इकडील सर्व क्षेम' असं लिहितात, पण इकडे काही क्षेम नाही, म्हणून तर पत्र लिहायला बसले आहे.

क्लबच्या पोहण्याच्या टँकवर बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन. एप्रिलमधलं नागपूरचं दुपारचं ऊन तुला सांगायला नको. फरशीवर पाय ठेवला की उडीच मारावी लागते. त्या एका तासात दहा-बारा बायका उथळ पाण्यात उभ्या राहून लिंबाच्या लोणच्यावर बोलतात. मी हात मारायला लागले की त्यांच्या डोळ्यांत पाणी जातं. काल एकीने सेक्रेटरीकडे तक्रार केली, ती विणकराची पोरगी फार पाणी उडवते म्हणून. टँकमध्ये पाणी उडवायचं नाही तर काय, सूत कातायचं?

मनोहरराव, म्हणजे टँकवरचे शिक्षक, ज्यांनी मला तलावात पोहताना पाहून क्लबात आणलं, ते माझ्यासाठी दुपारी घड्याळ घेऊन थांबतात. शंभर मीटरला मला एक मिनिट चौतीस सेकंद लागतात. ऑगस्टमध्ये इथे निवड चाचणी आहे. एक मिनिट पंचवीसच्या आत आले तर पुण्याला राज्य स्पर्धेला जाता येईल. नऊ सेकंद कमी करायचे. ते म्हणतात, नऊ सेकंद दुपारच्या गर्दीत सापडणार नाहीत, सकाळी सहाला ये, मुलांबरोबर पोह. आणि सकाळी मी काय करते ते तुला माहीत आहे. आई गेली आणि तू सासरी गेलीस, तेव्हापासून बाबांच्या मागाला सुताच्या कांड्या भरून देणारी मी एकटीच.

माझ्यात एक खोड सापडली आहे आणि ती तुझ्यामुळे लागली. मी श्वास फक्त डावीकडे घेते. आपण तलावावर सूत धुवायला जायचो तेव्हा तू काठावर बसायचीस आणि मी पोहायची. कुणी येत असेल तर तू हात वर करणार, म्हणून माझं तोंड कायम तुझ्याकडे, डावीकडे. परत येताना मी पाठीवर पडून यायची. आता मान उजवीकडे वळतच नाही. उजवीकडची मुलगी माझ्या पुढे गेली तरी मला कळत नाही.

तर तुझी ही चूक भरून काढ आणि बाबांना लिही की मला सकाळी जाऊ द्या. माझं ते ऐकत नाहीत, फक्त 'पाहू' म्हणतात.

तुझी,
शामला

*

उमरेड
१९ एप्रिल १९७३

चि. शामलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं. मग त्यांना सगळं वाचून दाखवलं. लोणच्याचा भाग तेवढा गाळला, कारण त्याही लिंबाचं लोणचं घालून राहिल्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोहून पलीकडं गेली, अन् मंग? तिकडं काय हाय?" मी म्हटलं, काही नाही, परत येते. तर म्हणाल्या, "मंग गेलीच काहून?" यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

बाबांना मी लिहिणार नाही. कार्ड टाकलं की शेजारचे बाबनराव ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचतात आणि अर्ध्या गल्लीला कळतं. बंद पत्र टाकलं तर बाबांना वाटतं कुणीतरी गेलं. मी अक्षय्य तृतीयेला येतेच आहे. समोर बसून सांगते. माझं ते ऐकतात, कारण मी तुझ्यासारखी पाय आपटत नाही.

खोड माझ्यामुळे लागली म्हणतेस तर ती माझीच. पण मी काठावर बसले नसते तर तू पाण्यात उतरली असतीस का, हेही एकदा मनाला विचार.

माझी प्रकृती ठीक. उन्हाने जेवण जात नाही, एवढंच.

तुझी,
ताई

*

सक्करदरा
२४ जून १९७३

ती. ताईस,

तुझी जादू चालली. बाबांनी अट घातली, दिवसभराच्या कांड्या भरून ठेवायच्या आणि मग जायचं. म्हणून मी कोंबड्याच्या आधी उठते, कांड्या भरते आणि सहाला टँकवर हजर असते. पाण्यात उतरायच्या आधीच खांदे भरून येतात.

इकडे सेक्रेटरीसाहेबांनी आठ दिवस घालवले. म्हणाले, मुलींनी सकाळी पोहू नये असा नियम नाही, पण पोहावं असाही नियम नाही. मनोहररावांनी विचारलं, मग काय करायचं? तर म्हणाले, बघा तुम्हीच, पण माझं नाव येऊ देऊ नका. मला भिंतीकडची पट्टी मिळाली आहे, जिथे नळाचं पाणी पडतं. मुलांचे बाप काठावर उभे राहून माझ्याकडे असे पाहतात, जसं काही मी त्यांच्या घरात चप्पल घालून शिरले आहे. एकाने मुलाला माझ्या शेजारच्या पट्टीतून उठवून दुसरीकडे नेलं. तो मुलगा माझ्या मागे राहत होता, हे खरं कारण.

मान उजवीकडे वळावी म्हणून मनोहरराव उजव्या काठाने चालतात आणि बोटं दाखवतात. प्रत्येक श्वासाला किती बोटं होती ते मी भिंतीशी पोहोचल्यावर सांगायचं. पहिल्या दिवशी सगळी चुकले. आता सांगते. काल एक मिनिट सत्तावीस.

चाचणी रविवार, १९ ऑगस्टला आहे. सकाळी आठला, आणि पहिलीच शर्यत माझी. तू आलंच पाहिजेस. अक्षय्य तृतीयेला आलीस तेव्हा तलावात घोट्याएवढंसुद्धा पाणी लावून घेतलं नाहीस. एका वर्षात इतकी म्हातारी झालीस?

शामला

*

उमरेड
२२ जुलै १९७३

चि. शामलास आशीर्वाद.

एक मिनिट सत्तावीस म्हणजे किती, ते मी आमच्या घड्याळावर मोजून पाहिलं. तेवढ्यात माझा दूध उतू जाण्याचा कार्यक्रम उरकला. तू खरंच वेगात आहेस.

१९ तारखेला येणं जमेल असं वाटत नाही. इथे पावसाने रस्ता खराब आहे आणि सासूबाई पाठवत नाहीत. कारण विशेष काही नाही, उगाच मनात काही आणू नकोस. आमचे हे बुधवारी सूत आणायला नागपूरला येत आहेत. त्यांच्या हाती बाबांना एक चिठ्ठी दिली आहे, वाचूनही तेच दाखवतील. ती घरगुती कामाची आहे, तुझ्या उपयोगाची नाही. तू तुझी बोटं मोज.

जेवत जा. नुसत्या रागावर पोहता येत नाही.

तुझी,
ताई

*

सक्करदरा
२० ऑगस्ट १९७३

ताई,

मला बाबांचं तोंड पाहायचं नाही. तुझ्याकडे येऊन राहावं असं वाटतं, पण तूही त्यांचीच बाजू घेशील.

पाजणी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तरी लिहिते, मागावर चढवायच्या उभ्या सुताला खळ लावायची आणि कुंच्यांनी धागे सुटे करत वाळवायचे, म्हणजे मला किती राग आला आहे ते तुला कळेल. दहा-बारा दिवस पावसाने पाजणी अडली होती. शनिवारी संध्याकाळी आभाळ उघडलं. रविवारी मी कांड्या भरून, पोशाख पिशवीत घालून बाहेर आले, तर गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा ताणलेला आणि बाबा खळीचं घमेलं घेऊन उभे. एका बाजूला बाबनराव, दुसऱ्या बाजूला त्यांची बायको, चंद्रकलाकाकू. चौथा कुंचा भिंतीला टेकवून ठेवला होता, तो माझा.

मी म्हटलं, आज चाचणी आहे, आठला. ते म्हणाले, "सातपर्यंत होते वं. दोन हात कमी पडून राहिले."

मी कुंचा घेतला. खळ लागली आणि ऊन गेलं. ओलं सूत वाळेना. वाळेपर्यंत कुंचे फिरवत राहिलं नाही तर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळा ताणा फेकून द्यावा लागतो. चारातला एक हात सुटला तर उरलेले तीन पुरत नाहीत. साडेसातला मी म्हटलं, मी चालले. बाबा सुताकडे पाहत राहिले. जा म्हणाले असते तर गेले असते. थांब म्हणाले असते तर भांडून गेले असते. दोन्हीतलं एकही बोलले नाहीत, आणि माझा हात थांबेना.

सव्वाआठला सूत सुटं झालं. बाबनरावांची सायकल काढून मी टँकवर पोहोचले तोवर माझी शर्यत होऊन गेली होती. पहिली आलेली मुलगी एक मिनिट एकतीस. म्हणजे नागपुरातून कोणीच निवडलं गेलं नाही, ताई. जागा रिकामी राहिली. मनोहरराव भांडले, तर सेक्रेटरी म्हणाले, "वेळेवर यायचं असते." मग सगळं संपल्यावर मनोहररावांनी मला एकटीला पाण्यात उतरवलं. माझ्या कोपरापर्यंत खळ वाळलेली होती. एक मिनिट चोवीस! पंच तिथेच खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. त्यांनी पाहिलं, एकाने मान डोलावली, पण कागदावर कुणी लिहिलं नाही.

आणि आज सोमवारी सकाळपासून कडकडीत ऊन आहे. एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? मी विचारलं. म्हणाले, घाई होती. कसली घाई ते सांगत नाहीत. आता माझी खात्री झाली आहे की माझं जाणं त्यांना मुळातच नको होतं. एप्रिलपासून 'पाहू' म्हणत होते ते हेच पाहत होते.

शामला

*

उमरेड
२ सप्टेंबर १९७३

चि. शामलास आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वाईट वाटलं, फार वाटलं.

पण बाबांना एकदम दोष देऊ नकोस. त्यांची काही घाई असेल. मोठ्या माणसांना सगळंच बोलून दाखवता येत नाही. एक मिनिट चोवीस झालं हे तर खरं आहे ना? ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी असेलच. तोवर सराव चालू ठेव आणि घरात अबोला धरू नकोस.

इकडे सगळं छान आहे. गेल्या आठवड्यात घरात छोटासा कार्यक्रम झाला, त्यात वेळ गेला, म्हणून उत्तराला उशीर.

तुझी,
ताई

*

सक्करदरा
३० सप्टेंबर १९७३

ताई,

तुझं पत्र म्हणजे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार. रोज पुसून रोज तोच लिहावा असा.

पोहण्याचा पोशाख मनोहररावांना परत केला. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला. सकाळी जात नाही, दुपारीही जात नाही. दिवसभर कांड्या भरते. बाबांशी कामापुरतं बोलते, सूत संपलं, सूत आणा, एवढंच. त्यांचा माग आता एक क्षण थांबत नाही, त्यांना हवं होतं ते झालं.

पुढच्या वर्षी कोण तयारी करणार? पुन्हा कोंबड्याच्या आधी उठायचं, पुन्हा त्या बापांच्या नजरा, आणि पुन्हा आयत्या वेळी गल्लीत ताणा. मला नाही जमणार. तू मला याबद्दल लिहू नकोस.

शामला

*

उमरेड
२५ नोव्हेंबर १९७३

चि. शामला,

याबद्दल लिहू नकोस म्हणालीस, पण लिहिल्यावाचून आता मला राहवत नाही. शेवटपर्यंत वाच, मग फाडून टाक.

९ तारखेला मला मुलगी झाली. तू मावशी झालीस आणि तुला ते आत्ता कळतं आहे, यातच माझी निम्मी चूक आली. अक्षय्य तृतीयेला मी पाण्यात उतरले नाही त्याचं कारण हेच. आई नाही. तुला कळलं असतं तर टँक सोडून तू माझ्या उशाशी येऊन बसली असतीस, मी तुला ओळखते. तुझा सराव मोडू नये म्हणून लपवलं. बाबांनाही शपथ घातली की शामलाला सांगायचं नाही, आणि यांनाही.

आता उरलेली निम्मी. सातव्या महिन्यात माहेरची हिरवी साडी लागते. माझ्या जावेच्या वेळी तिच्या वडिलांनी स्वतःच्या मागावरची आणली होती. सासूबाईंनी ते दोनदा बोलून दाखवलं. मी म्हणू शकले असते की दुकानातली चालेल. त्यांनीही कदाचित चालवून घेतलं असतं. पण मला मिरवायची होती, शामला. माझ्या बाबांच्या हातची. म्हणून यांच्या हाती चिठ्ठी दिली, साडी ३० ऑगस्टच्या आत पाहिजे. पावसाने दिवस खाल्ले. रविवारी पाजणी झाली नसती तर साडी वेळेत विणून झाली नसती. बाबांची घाई म्हणजे माझी घाई.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं, तेव्हा ती साडी नेसून मला पाटावर बसायचं होतं. पत्र आधीच वाचलं होतं. तरी नेसले, बसले, ओटी भरून घेतली. आणि तुला लिहिलं काय, तर बाबांना दोष देऊ नकोस. त्या ओळीत माझं नाव घालायची हिंमत झाली नाही.

साडी सोबत पाठवत आहे. हे नागपूरला येत आहेत. तुझे हात त्या सुताला लागले आहेत, ती तुझी आहे. मला जे बोलायचं ते बोल, पण बाबांशी बोल.

वच्छला

*

उमरेड
३ फेब्रुवारी १९७४

चि. शामलास,

उत्तर आलं नाही. नोव्हेंबरपासूनचं हे तिसरं पत्र. मुलीचं नाव प्रमोदिनी ठेवलं. बारशाला बाबा एकटेच आले. तू काय करतेस विचारलं तर म्हणाले, "तिले विचार." शिवी दिलीस तरी चालेल, पण दोन ओळी लिही.

ताई

*

सक्करदरा
१७ मार्च १९७४

ताई,

साडी परत पाठवली आहे. तिचा काही दोष नाही आणि मला ती नको.

मी इतके दिवस लिहिलं नाही कारण जे लिहायला घेतलं ते सगळं फाडण्यासारखं होतं. तुझा सराव मोडू नये म्हणून लपवलं, असं तू लिहितेस. सांगितलं असतंस तर मी शनिवारी रात्रीच बाबांना म्हटलं असतं, आठच्या आत मला सोडा, दोन हात दुसरे बघा. गल्लीत पंधरा घरं आहेत, ताई. तुझ्या नावावर कुणीही कुंचा धरला असता. पण साडी कुणासाठी ते तुझ्या शपथेमुळे बाबांना कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझाच हात धरला. तू मला वाचवायला गेलीस आणि वर्ष बुडवलंस.

बाबांना विचारलं, तुम्ही तेव्हाच काहून नाही सांगितलं? मी चार महिने तुमच्याशी बोलले नाही, तुम्ही ऐकून घेतलं. त्यांनी माग थांबवला. म्हणाले, "तिनं शपथ घातली होती. अन् तुमी दोघीच हाय एकमेकीले, मी आज हाय, उद्या नाई. तुले रागावाचंच होतं तं माह्यावर राग. तिच्यावर नको." आणि पुन्हा विणायला लागले. मी तिथेच बसून रडले, तुला माझी शपथ, हे कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांकडे गेले. त्यांनी कपाटातून पोशाख काढून दिला, मी मागायच्या आधी. वजन वाढलं आहे, दम लागतो, एक मिनिट छत्तीस झालं. म्हणजे गेल्या एप्रिलच्याही मागे. रोज सकाळी स्वतःचाच राग येतो. पण जाते.

शामला

*

सक्करदरा
२७ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस,

पेपरात वाचलंच असशील. ऑगस्टच्या चाचणीत निवड झाली आणि पुण्याला शंभर मीटरला मी पहिली आले. एक मिनिट एकोणीस. शेवटच्या दहा मीटरला उजवीकडची मुलगी अर्धा हात पुढे होती, ती मला दिसली, आणि मग मी काय केलं ते मला आठवत नाही. भिंतीला हात लागल्यावर मनोहरराव काठावर खाली बसलेले दिसले. त्यांचा चष्मा पाण्यात पडला होता.

आता जे पेपरात नाही ते सांगते. स्पर्धा संपल्यावर राष्ट्रीय शिबिराच्या निवडीचे एक गृहस्थ आले. माझं कौतुक केलं, वय विचारलं. जूनमध्ये अठरा पूर्ण झाली म्हटलं. त्यांनी वही मिटली. शिबिर अठराच्या आतल्या मुलींचं आहे. म्हणाले, "गेल्या वर्षी का नाही आलात?" मी काय सांगणार होते? त्यांच्यापुढे पाजणी, खळ, हिरवी साडी, काय काय मांडायचं? आजारी होते म्हटलं. गळ्यात पदक होतं आणि मी उभ्या उभ्या खोटं बोलत होते. परतीच्या गाडीत सगळे पेढे वाटत होते आणि मला तो माणूस, त्याची ती वही, एवढंच दिसत होतं.

दोन नंबरची मुलगी सोळाची आहे. ती शिबिराला गेली. ती सातव्या वर्षापासून रोज सकाळी टँकमध्ये आहे, तिच्या आईने मला सांगितलं, अगदी सहज.

इथे क्लबात सत्कार ठेवला. हार घालायला तेच सेक्रेटरीसाहेब. मी हार हातात धरला आणि म्हटलं, आधी लिहून द्या, सकाळी सहा ते सात मुलींचीही वेळ. ते म्हणाले, समिती ठरवेल. मी म्हटलं, समिती समोरच बसली आहे. मनोहरराव मला खुणा करत होते की पुरे, पण मी खाली बसलेच नाही. हॉलमध्ये शंभर माणसं, फोटोवाला खोळंबलेला. शेवटी त्यांनी सत्काराच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं आणि सही केली. ती पत्रिका मी घरी आणली आहे. एक तारखेपासून सुरू. सध्या तीन मुली येणार आहेत, त्यातली एक बाबनरावांची नात.

आता तुझं काम. प्रमोदिनी सहा वर्षांची झाली की तिला माझ्याकडे पाठवायचं. मी विचारत नाही, सांगते आहे. तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते तू ठरव. मुलीला ताप आहे, पाहुणे आहेत, कार्यक्रम आहे, यातलं काही मी ऐकणार नाही. आणि तिच्यापासून काही लपवायचं नाही. तिची मावशी शिबिराला का गेली नाही, हे तू स्वतः तिला सांगायचं, माझ्यासमोर.

माझा राग गेलेला नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. पाण्यात तो उपयोगी पडतो, घरी आल्यावर त्याचं काय करावं कळत नाही. दिवाळीला तिला घेऊन ये. बाबांनी तिला बारशानंतर पाहिलेलं नाही, आणि मी तर एकदाही नाही. तू आलीस की मी तुझ्याशी पहिल्यापासून सगळं भांडणार आहे, समोरासमोर. पत्रात भांडून माझं मन भरत नाही. आठ दिवस राहायच्या तयारीने ये.

तुझी,
शामला